बाई उठून गेली नव्हती

माझ्या मोठ्या बहिणीबद्दल आमच्या नात्यागोत्यात एक गोष्ट सांगितली जाते. कोकणात समुद्रावर फिरायला गेलेली असताना तिला भ्रम झाला, बसल्या जागेवरून ती उठली आणि कुठल्या कुठे चालत गेली, शेवटी संध्याकाळी परक्याच्या अंगणात सापडली. लग्नात, कोणी वारल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात, कुठेही चार म्हातारी माणसं जमली आणि वयाचा विषय निघाला की कोणीतरी ही गोष्ट काढतं. मग सगळे माझ्याकडे बघतात, कारण मी तिथे होतो. मी मान हलवायचो.

ही गोष्ट खोटी आहे आणि ती पहिल्यांदा मीच सांगितली. ती सांभाळून मी आता थकलो आहे. म्हणून जसं घडलं तसं लिहितो.

आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. आरमोरीपासून आत, तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून आमचं गाव आहे. आई लवकर गेली, वडील दुसऱ्यांच्या बांध्यांत, धानाच्या खाचरांत, राबायचे, त्यामुळे मला बाईनंच वाढवलं. मला शाळेत तिनं घातलं, स्वतः कधी गेली नाही. मी सरकारी नोकरीत लागून चंद्रपूरला आलो, ती लग्न होऊन गावातल्या गावातच राहिली. नवरा गेला, मूलबाळ नाही. मागे एक मातीचं घर आणि थोडी धानाची जमीन. ती एकटी राहायची आणि मजेत राहायची. पहाटे वंदना घ्यायची, उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला जंगलात जायची, पावसाळ्यात धानाच्या रोवण्याला बायांच्या रांगेत उभी राहायची. वय झालं म्हणून कोणी तिला बांधावर बसायला सांगितलं, तर म्हणायची, "तू बस. तुहे गुडघे जुने दिसून राह्यले मले."

माझी मुलगी बँकेत आहे. तिची बदली कोकणातल्या एका बंदराच्या गावी झाली. बायको वारल्यापासून मी मुलीकडेच राहतो, म्हणून मीही तिकडे गेलो. गाव चांगलं होतं, स्वच्छ होतं, पण मला बोलायला माणूस नव्हतं. तिथलं बोलणं मला कळायचं, माझं त्यांनाही कळायचं, तरी दुकानात काही मागितलं की समोरचा एक क्षण थांबून बघायचा. दिवसभर मी मुलीची वाट बघत बसायचो. मोहाचा हंगाम संपला तशी मी गावी गेलो आणि बाईला घेऊन आलो. "तुला समुद्र दाखवतो" असं तिला सांगितलं होतं. खरं कारण माझं एकटेपण होतं.

त्या गावाला मोठी पुळण आहे, तिथे घोडागाड्या आणि भेळवाले असतात. बाईला ती आवडली नाही. "जत्रा पाहाले येवढ्या दूर आणलं का?" म्हणाली. म्हणून दुसऱ्या दिवशी तिला मी गोट्यांच्या किनाऱ्यावर न्यायचं ठरवलं. गावाच्या टोकाला डोंगराची एक सोंड समुद्रात उतरते. तिच्या अलीकडे थोडी रेती आहे, लोक तिथवर जातात. सोंडेला वळसा घालून पलीकडे गेलं की एक लहानसा किनारा लागतो. तिथे रेती नाही, सगळे गोल, गुळगुळीत गोटे. तीन बाजूंनी कडा, त्यामुळे वारा नाही, लाट नाही. मी एकटा असताना पुष्कळदा तिथे जाऊन बसलो होतो, पण नेहमी सकाळी.

त्या दिवशी मुलगी बँकेत निघता निघता म्हणाली, "बाबा, सोंडेच्या अलीकडेच बसा. दुपारनंतर भरती आहे. पलीकडे गेलात तर वाट बंद होते."

"आम्ही तलावाकाठची माणसं," मी म्हणालो. "पाण्याचं आम्हाला शिकवू नकोस."

"तलाव वेगळा असतो बाबा."

"पाणी ते पाणी."

बाई चपलेचा पट्टा लावत होती. ती म्हणाली, "आयक ना बाबू तिचं. ती इथी राह्यते. तुले का माहीत?"

मला आठवतं, मी हसलो. आमचा तलाव पावसाळ्यात भरतो आणि होळीपर्यंत उतरतो. काठावर दुपारी पंचा वाळत घातला तर संध्याकाळी तो तिथेच असतो. पाणी एका दुपारीत माणसाच्या अंगावर चालून येतं, ही गोष्ट मी शाळेत पाठ केली होती, परीक्षेत लिहिली होती, पण तिच्यावर माझा विश्वास नव्हता. पाय जे शिकलेले असतात तेच खरं वाटतं.

जेवून आम्ही निघालो. सोंडेजवळ पोचलो तेव्हा वाट कोरडी होती. अलीकडच्या रेतीत कॉलेजची काही पोरं गाणी लावून बसली होती. मी बाईचा हात धरून तिला वळसा घालून पलीकडे नेलं. गोट्यांवरून चालताना ती मला धरून होती आणि तोंडानं चालूच होती.

"येवढे गोटे कोणं घासले रे?"

"समुद्रानं."

"रिकामाच दिसते."

एक मोठा सपाट दगड पाण्यापासून बराच वर होता. तिथे तिला बसवलं. तिनं चपला काढून बाजूला ठेवल्या, पिशवी ठेवली, ओंजळभर पाणी मागितलं. मी आणून दिलं. तिनं जिभेला लावलं आणि थुंकली. "आगा माय! येवढं पाणी, अन् एका बांधीच्या कामाचं नाई." मग ती पाय पसरून बसली. तिला जागा आवडली होती. पाणी अगदी संथ होतं, आमच्या तलावासारखं. गोट्यांवर येऊन ते हळूच मागे जायचं आणि गोटे एकमेकांना लागून बारीक आवाज व्हायचा. ती म्हणाली, "इथी बरं हाय. इथी कोणी काही इकत नाई."

थोड्या वेळानं मला चहाची तल्लफ आली. वर रस्त्यावर टपरी होती. बाईच्या गुडघ्यांना परत चढ नको, म्हणून मी म्हणालो, "बाई, तू इथंच बस. हलू नको. मी येतोच."

"जाय," ती म्हणाली.

टपरीवर एक माणूस चहावाल्याला सांगत होता, "जरा कडक कर ना बे, पाणी पाजून राह्यला का?" ते ऐकून माझे पाय तिथेच थांबले. इतक्या महिन्यांत असं कानावर पडलं नव्हतं. मी विचारलं, "भाऊ, कुठचे?"

"चिमूरचा," तो म्हणाला. "तुमी?"

"आरमोरीकडला."

"आगा बापा! इथी काऊन येऊन पडले?"

तो एका हॉटेलच्या गाडीवर ड्रायव्हर होता. आम्ही बाकावर बसलो. तिकडचं ऊन, वाघ गावाच्या किती जवळ यायला लागले ते, यंदाचा मोह, इथल्या भाजीत घालतात ते खोबरं. "साऱ्या भाज्या गोड करून ठेवते, भाऊ. मले तं वाटते मी पाहुणा म्हणूनच जेवून राह्यलो वर्षभर." मी खूप हसलो. एक चहा झाला, दुसरा झाला, तिसरा त्यानं पाजला. मधे एकदा बाईची आठवण आली. तिच्यासाठी जाताना घेऊन जाऊ, असा विचार केला आणि पुन्हा बोलत राहिलो. जे आहे ते असं आहे. मला चक्कर आली नव्हती, कोणी अडवलं नव्हतं, कुठलं काम नव्हतं. मी गप्पा मारत होतो.

मग त्यानं विचारलं, "एकटेच फिराले आले का?"

"बहीण आहे. खाली बसवली आहे."

"खाली कुठी?"

"गोट्यांवर. सोंडेच्या पलीकडे."

त्यानं ग्लास खाली ठेवला. "भाऊ, भरती लागली ना."

आम्ही खाली गेलो तेव्हा वाट नव्हती. ज्या जागेवरून मी तिला हाताला धरून नेलं होतं तिथे हिरवं पाणी होतं. लाटा नाहीत, खळबळ नाही, नुसतं पाणी. मी हाका मारल्या. ड्रायव्हर कड्यावरून झुडपांत घुसून जिथून दिसेल तिथून बघून आला. "तिथी कोणी नाई," म्हणाला. "गोटेही नाई दिसत."

मी मुलीला फोन लावला. तिनं "काय झालं?" विचारलं आणि माझ्या तोंडून निघालं, "बाई कुठे उठून गेली, दिसत नाही."

हे वाक्य मी ठरवून बोललो नाही. ते आपोआप आलं. पण पुढचं आपोआप आलं नाही.

"तुम्ही कुठे होता?"

"इथंच. चार पावलांवर."

"सोंडेच्या अलीकडेच बसला होता ना?"

"हो."

ड्रायव्हर बाजूला उभा होता. त्यानं सगळं ऐकलं. माझ्याकडे बघितलं आणि नजर पाण्याकडे वळवली. मला तो पुन्हा कधी भेटला नाही. मी त्या टपरीवर पुन्हा गेलोच नाही.

अंधार पडायच्या आत बाई सापडली. कड्याच्या दुसऱ्या अंगाला एक वाडी आहे, तिथल्या एका घराच्या अंगणात ती खाटेवर बसली होती. अंगावर त्या घरच्या मालकिणीचं लुगडं, पायांत चपला नाहीत, तळवे आणि गुडघे खरचटलेले. मुलगी तिच्या गळ्यात पडली. "आत्याबाई, का गेलात? का उठलात?"

बाईनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. चूक झालेल्या माणसासारखं बघितलं आणि म्हणाली, "मीच उठली."

त्या दोन शब्दांवर पुढचं सगळं उभं राहिलं. मुलीला वाटलं, तिनं कबूल केलं. त्यांचा खरा अर्थ मला एकट्याला कळला होता. तो सांगण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

आमच्याकडे मोहफुलं वेचायला अंधार असतानाच जंगलात जातात. घरातली लहान पोरंही बरोबर असतात. माणसं झाडाझाडांवर पांगतात, आणि पोर हरवण्याची भीती असते. त्यासाठी एक नियम आहे, तो चालायला लागल्यापासून शिकवतात. ज्याला जिथे बसवलं त्यानं तिथून हलायचं नाही. काही झालं तरी. ज्यानं बसवलं त्यानंच परत येऊन न्यायचं. दोघंही एकमेकांना शोधायला लागले तर जंगलात कोणीच सापडत नाही. मी लहान असताना बाईनं एकदा मला एका मोहाखाली बसवलं आणि पलीकडच्या झाडावर गेली. मधेच अस्वल आलं. बायांनी आरडाओरडा केला, सगळे उलट्या दिशेला पळाले. बाईला लांबचा फेरा घेऊन यावं लागलं. ऊन चढलं होतं, मी चड्डी ओली करून तिथेच बसलेलो होतो. तिनं मला उचललं आणि गावभर सांगत सुटली, "माहा बाबू हलला नाई."

बाई गोट्यांवर तशीच बसून राहिली होती. मी बसवलं होतं, मीच यायचं होतं. पाणी पायाला लागलं तरी ती बसली, मांडीवर आलं तरी बसली. शेवटी कंबरेला आलं, चपला आणि पिशवी गेली, तेव्हा ती उठली. वाट बंद झालेली, म्हणून मागच्या कड्यावर चढली, झुडपांना धरत वर गेली आणि जिकडे घर दिसलं तिकडे उतरली. त्या वयात हे ज्या बाईनं केलं तिचं डोकं ठिकाणावर होतं, यापेक्षा अधिक पुरावा काय हवा? पण तिच्या मनात एकच होतं. आपण नियम मोडला. मीच उठली.

घरी आल्यावर तिनं मुलीला सांगायचा प्रयत्न केला. "पाणी आलं ना पोरी. बसल्या जागी पाणी आलं. कंबरेपर्यंत आलं."

"आत्याबाई, तुम्ही बसला होता तिथे पाणी येतच नाही. मी रोज बघते."

"आलं ना पण. बाबूले पूच."

दोघींनी माझ्याकडे बघितलं. मुलगी दमलेली होती, तिचे डोळे लाल होते. मी खरं सांगितलं असतं तर तिनं मला चार शब्द ऐकवले असते. एवढंच होणार होतं. मी म्हणालो, "होतं असं बाई. वय झालं आता."

तिनं आपल्या खरचटलेल्या तळव्यांकडे बघितलं. मग म्हणाली, "असन. मले तसं वाटलं असन."

मुलीनं तिला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी महिना विचारला. बाई म्हणाली, "पऱ्हे टाकाचे दिवस आले." खरोखरच आले होते. धानाची रोपं टाकायची ती वेळ होती. डॉक्टरांनी मान हलवली आणि एकटं ठेवू नका, असं सांगितलं.

मुलीची बदली पुढे चंद्रपूरला झाली. बाईही आमच्याबरोबर चंद्रपूरच्या फ्लॅटमध्ये आली. गावच्या घराला कुलूप लागलं, जमीन शेजारच्या एकाला करायला दिली. मुलगी वाईट नाही. तिनं आत्याचं सगळं केलं, औषधं, जेवण, नवीन चष्मा. पण तिला भीती बसली होती. दुपारी आम्ही दोघंच असायचो तेव्हा ती मला फोन करून विचारायची, "दाराला कडी आहे ना?" बाईला गॅसला हात लावू द्यायचा नाही. खाली एकटं जाऊ द्यायचं नाही. बाई कधी चष्मा विसरायची, कधी वंदना म्हणताना मधली ओळ गाळायची, आणि मुलगी माझ्याकडे बघायची. मीही चष्मा विसरायचो. माझं कोणी मोजत नव्हतं.

बाई बाल्कनीत बसायची. तिथून वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात, कठड्यावर कोळशाची काळी पूड बसते. ती ती पूड रोज फडक्यानं पुसायची. बोलणं कमी झालं. मग ती मला विचारायला लागली. "बाबू, मी जेवली का?" जेवलेली असायची, तिला आठवतही असायचं, पण माझ्याकडून खात्री करून घ्यायची. आपल्या डोक्यावर भरवसा ठेवू नये, हे तिनं मान्य केलं होतं. माझ्या डोक्यावर मात्र तिचा भरवसा होता.

एका दुपारी ती पूड पुसत होती आणि मी पेपर वाचत होतो. तिनं पाठमोरीच विचारलं, "बाबू, आपल्या गावात तलाव हाय ना?"

"आहे की."

"पाळीले लागून आपलं घर?"

"हो."

"का तेबी मले तसंच वाटते?"

मी पेपर खाली ठेवला. मी म्हणालो, "बाई, इकडे ये, बस." आणि सांगितलं. सोंडेच्या पलीकडे मीच तिला नेलं, टपरी, ड्रायव्हर, चहा, गप्पा, फोनवर काय बोललो ते, घरी काय बोललो ते. सांगायला फार वेळ लागला नाही.

ती फडकं हातात धरून ऐकत होती. "मंग पाणी आलतं," म्हणाली.

"आलं होतं."

"खरंच आलतं."

"हो बाई."

"कंबरेपर्यंत." तिनं कंबरेवर हात ठेवला. "मी म्हणो, इतका थंडपणा मले कसा काय आठवते."

मग एकदम तिनं विचारलं, "कितीक चाय पेला?"

"तीन."

"पोट भरलं का?"

तिचा राग मी लहानपणी बघितला होता, ती ओरडायची, फोकानं मारायची. हा राग तसा नव्हता. तिनं फडक्याची घडी केली, कठड्यावर ठेवली आणि म्हणाली, "पोरीले सांग. माह्या समोर सांग. सारं सांग." मग ती आत गेली. तिनं दुपारचा चहा स्वतः गॅस पेटवून केला, एक कप. तो स्वतः प्यायली.

संध्याकाळी मुलगी आली. बाई समोर खुर्चीवर बसली आणि मी पुन्हा सांगितलं. मुलीला आधी पटलंच नाही. "बाबा, आत्याबाईंना गावी जायचं आहे म्हणून तुम्ही असं बोलता आहात."

"तू त्या दिवशी सांगितलं होतंस, सोंडेच्या अलीकडे बसा. मी म्हणालो, पाणी ते पाणी."

तिला ते आठवलं. तिचा चेहरा बदलला. ती बाईकडे वळली. "आत्याबाई, मी रात्री तुमच्या खोलीला बाहेरून कडी लावायची."

"लावो ना तू. मले आयकू ये."

"तुम्ही बोलला का नाही?"

"का बोलू? मलेच खरं वाटे."

मुलगी आत जाऊन बराच वेळ आली नाही. आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. तिनं मला विचारलं, "मी तुम्हाला काय केलं असतं, बाबा? रागावले असते. आणखी काय?" मी काही मोठ्या गोष्टीसाठी खोटं बोललो असतो तर सांगायला तरी काही असतं.

तरी मुलीला बाईनं एकटं राहावं हे पटत नव्हतं. झालं ते झालं, पण वय तर खोटं नाही ना, असं तिचं म्हणणं. त्यात चूक काही नव्हती. बाई म्हणाली, "वय तं गावातबी होते. इथीच होते का?" शेवटी रोज संध्याकाळी फोन करायचा, या बोलीवर मुलगी तयार झाली. बाईला एक साधा फोन घेऊन दिला आणि तो कसा वापरायचा ते शिकवलं. ती लगेच शिकली.

मी तिला पोचवायला गेलो. एसटीत ती खिडकीशी बसली, माझ्याशी बोलली नाही. घराचं कुलूप गंजलं होतं, ते दगडानं तोडलं. एका भिंतीला उधळी, म्हणजे वाळवी, लागली होती, चुलीची माती उकरली गेली होती. तिनं पदर खोचला. मी झाडू घ्यायला गेलो तर म्हणाली, "तू ओसरीवर बस. लोक येतीन."

लोक आले. सगळ्यात आधी समोरच्या घरातली म्हातारी आली. "आली का वो बाई! आमाले तं सांगतलं का तुमचं डोस्कं फिरलं म्हणून!"

बाई आतून म्हणाली, "त्याले पूच."

म्हातारी माझ्याकडे वळली. मी सांगितलं. ती ऐकून गेली आणि दोघींना घेऊन आली. मी पुन्हा सांगितलं. मग पाळीवरून दोन माणसं आली, मग त्यांच्या बायका. प्रत्येकाला बाई तेच म्हणायची, त्याले पूच. आत झाडता झाडता ती ऐकत असायची. मी "गुडघाभर पाणी" म्हणालो तर आतून आवाज आला, "कंबरेपर्यंत." एकदा मी दमून चहाचं गाळलं, म्हणालो की जरा वर गेलो होतो. "काऊन गेलता ते सांग ना," ती म्हणाली. "मुतायले नोता गेला." ओसरीवरचे सगळे हसले. मीही हसलो असतो, पण माझ्यात तेवढा जीव उरला नव्हता. घसा कोरडा पडला होता. मला कोणी पाणी विचारलं नाही आणि मागायची माझी हिंमत झाली नाही.

दिवस कलता कलता जमीन करणारा शेजारी आला. तो चांगला माणूस आहे, पण दोन हंगाम त्यानं ती जमीन केली होती आणि यंदाही करायची त्याची तयारी दिसत होती. तो उभ्यानंच म्हणाला, "बाई, आराम करा. बांध्या मी पाह्यतो. तुमाले आता त्या डोस्क्याच्या तरासात ते झेपणार नाई."

बाई दारात येऊन उभी राहिली. तिनं माझ्याकडे बघितलं, "त्याले पूच" असंही म्हणाली नाही. मी सांगितलं. सगळं सांगितलं, सुरुवातीपासून, काही न गाळता.

तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "म्हणजे बाईले काहीच नाई झालतं?"

"काहीच नाही."

"मंग भाऊ, डॉक्टरले तुमीच दाखवा ना." तो बाईकडे वळला. "पऱ्हे कधी टाकता, बाई?"

"या आठवड्यात."

"बी?"

"तुह्या घरी असन ना. लुचई दे."

"लुचई आता कोण लावते, बाई? ते जुनं धान, वाऱ्यानं पडते."

"तुह्या बांधीत पडते. माह्या बांधीत नाई पडत."

ते दोघं बियाण्यावरून भांडत अंगण ओलांडून तिच्या जमिनीकडे निघून गेले. मी ओसरीवर भिंतीला पाठ टेकून बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी परत आलो.

आमचे पुष्कळ नातेवाईक दूर आहेत. ते त्या ओसरीवर आले नाहीत, त्यांच्यापर्यंत अजून जुनीच गोष्ट आहे. त्यांच्यासाठी हे लिहिलं. बाईनं तेव्हापासूनचे हंगाम स्वतः केले आहेत. रोज संध्याकाळी ती मुलीला फोन करते. धान कसं आहे, कोणाची गाय व्याली, कोणाची सून आली, सगळं सांगते. मुलगी कधीतरी मधेच विचारते, "बाबा इथंच आहेत, देऊ का?"

मी हात पुढे केलेला असतो. पलीकडून काय उत्तर येतं ते मला ऐकू येतं.

"राहू दे," बाई म्हणते. "मंग पाहू."